सीस्टार एस५०: नाशिकहून यूव्ही सेटीचे भडके टिपायला कितपत पुरते?

सीस्टार एस५०बद्दल मराठीत जे काही दाखवलं जातं ते बहुतेक मृगातल्या तेजोमेघाच्या आणि देवयानी दीर्घिकेच्या रंगीत फोटोंचं असतं. फोटो सुंदर येतात, त्यात वाद नाही. इथे मात्र या दुर्बिणीला एका वेगळ्या आणि अवघड कामावर जोखलं आहे: तिमिंगल समूहातल्या यूव्ही सेटी या जोडताऱ्याचे भडके नाशिकहून टिपणं. आधीच सांगून टाकतो, या कामाला ती पुरते. पण ज्या दोन सोयींमुळे ती हातोहात विकली जाते, आपोआप होणारं स्टॅकिंग (अनेक फ्रेम एकावर एक रचून एकच चित्र बनवणं) आणि प्रकाशप्रदूषणाचा फिल्टर, त्या दोन्हींवर पहिल्या रात्रीपासून पाणी सोडावं लागतं.

यूव्ही सेटी ज्या जोडीत आहे तिचं नाव लॉयटन ७२६-८, आपल्यापासून ८.७ प्रकाशवर्षांवरची लाल बटू, म्हणजे लहान आणि मंद, ताऱ्यांची जोडी. विलेम लॉयटन यांनी १९४८ मध्ये ती शोधली. तिच्यातला ए तारा म्हणजे बीएल सेटी आणि बी म्हणजे यूव्ही सेटी. प्रत्येकाचं वस्तुमान सूर्याच्या जेमतेम बारा टक्के. दोघे साधारण साडेसव्वीस वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी मारतात, आणि त्या लांबट कक्षेत त्यांच्यातलं अंतर २.१ पासून ८.८ खगोलीय एककांपर्यंत (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) बदलतं. दोघेही स्वतःभोवती साडेपाच ते पावणेसहा तासांत फिरतात. आत गाभ्यापासून पृष्ठापर्यंत सगळा वायू आधण आलेल्या पाण्यासारखा वरखाली होत असतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की चुंबकीय क्षेत्र जबरदस्त तयार होतं, त्याच्या रेषा पिळल्या जातात, तुटून नव्याने जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा एका झटक्यात बाहेर पडते. तोच भडका. १९५२ मध्ये यूव्ही सेटी २० सेकंदांत ७५ पट तेजस्वी झाला होता. नावातल्या ‘यूव्ही’चा अतिनील किरणांशी संबंध नाही, चलताऱ्यांना, म्हणजे तेज बदलणाऱ्या ताऱ्यांना, अक्षरं देण्याच्या जुन्या पद्धतीतून ते आलं आहे. अशा भडकणाऱ्या ताऱ्यांच्या सगळ्या वर्गालाच पुढे याचं नाव पडलं.

या जोडीतली सगळ्यात ओढ लावणारी गोष्ट अशी की वय एक, वस्तुमान जवळपास एक, फिरण्याचा वेग जवळपास एक, तरी चुंबकीय स्वभाव वेगळे. बी ताऱ्याचं क्षेत्र ठसठशीत, दोन ध्रुवांचं आणि जोरकस आहे. ए ताऱ्याचं कमजोर आणि विस्कटलेलं. एकाच घरातल्या जुळ्यांत एवढा फरक का, हे कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही. म्हणूनच या ताऱ्यावर कोणीतरी रात्रभर नजर ठेवून असणं मोलाचं आहे, आणि त्यासाठी मोठी वेधशाळाच लागते असं नाही.

आता दुर्बीण. ५० मिमी व्यासाचं तीन भिंगांचं वस्तुभिंग, २५० मिमी नाभीय अंतर, मागे सोनीचा आयएमएक्स४६२ सेन्सर, १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येक पिक्सेल २.९ मायक्रॉनचा. वजन अडीच किलो, आत ६४ जीबी साठवण आणि ६००० एमएएचची बॅटरी. हिशेब केला की एका पिक्सेलमध्ये २.३९ विकला बसतात (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). जोडीतलं अंतर कितीही ताणलं तरी सव्वातीन विकलांच्या पुढे जात नाही. म्हणजे दोन तारे वेगळे दिसण्याची आशा ठेवून ही दुर्बीण घेऊ नका. फ्रेम पूर्ण मोठी करून पाहिलीत तर मध्याजवळ दोन-तीन पिक्सेल रुंदीचा, किंचित तांबूस असा एक ठिपका दिसतो. काठावर काहीही वेगळं दिसत नाही. ते दोघे एकत्र आहेत.

त्याचा परिणाम मोजमापावरही होतो. एकूण प्रकाशात बी ताऱ्याचा वाटा साधारण दोन पंचमांश. समजा बी एकटा दुप्पट उजळला. वेगळा मोजता आला असता तर ही ०.७५ प्रतीची झेप दिसली असती (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद). एकत्र ठिपक्यात मात्र एकूण प्रकाश १.४ पट होतो आणि झेप ०.३७ प्रतीवर येते. छोटे भडके असे निम्म्याने झाकले जातात. १२ व्या प्रतीच्या या ठिपक्यासाठी, गावाबाहेरच्या मध्यम आकाशात, १० सेकंदांच्या एका फ्रेममधल्या हिरव्या चॅनेलचा, म्हणजे फक्त हिरव्या प्रकाशाचा, हिशेब मांडला तर अनिश्चितता ०.०५ प्रतीच्या आसपास येते. त्यामुळे ०.२ प्रतीखालचं काहीही भडका म्हणून नोंदवू नये. ०.३ च्या वरचा, दोन-चार मिनिटं टिकलेला भडका ही दुर्बीण चोख पकडते, आणि ५० मिमीच्या भिंगाकडून हे खरोखर कौतुकाचं आहे.

नाशिकचं म्हणाल तर हा तारा आपल्याला चांगला पडतो. आपला अक्षांश २०, ताऱ्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) उणे १८ च्या जवळ, म्हणजे मध्यमंडलावर (आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेवर) तो ५२ अंश उंचीवर येतो. नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री साधारण १० वाजून ३५ मिनिटांनी, डिसेंबरच्या मध्यावर ८ वाजून ४० मिनिटांनी. ३० अंशांच्या वर तो मध्यमंडलाच्या अलीकडे-पलीकडे प्रत्येकी तीन तासांहून थोडा जास्त असतो. नोव्हेंबरात साडेसातपासून पावणेदोनपर्यंत सलग काम करता येतं. जानेवारीच्या मध्यावर अंधार पडल्यावर जेमतेम दोन तास हाती उरतात.

दिवाळीतली अमावास्या अंधारी असली तरी कामाची नाही, धूर आणि आतषबाजीमुळे प्रत्येक फ्रेमची पार्श्वभूमी वेगळी येते. त्यानंतरची कार्तिक अमावास्या आणि तिच्या अलीकडचे-पलीकडचे सहा-सात दिवस हा खरा हंगाम. पाऊस संपलेला, हवा धुतलेली, थंडी बेताची.

जागा निवडताना दिशा बघा, फक्त अंतर बघून चालत नाही. तारा आग्नेयेला वर येतो, दक्षिणेला सगळ्यात उंच येतो आणि नैर्ऋत्येकडे उतरतो. दिंडोरीच्या बाजूला गेलात तर शहर नेमकं दक्षिणेला येतं आणि सगळा उजेड ताऱ्याच्या खालीच पसरतो. त्र्यंबकेश्वर-अंजनेरीच्या बाजूने शहर पूर्वेला राहतं, दक्षिण मोकळी मिळते. गंगापूर धरणाच्या काठी आकाश बरं असलं तरी पाण्यामुळे दव लवकर पडतं. भिंगाचा हीटर तिथे सुरुवातीपासूनच चालू ठेवा. दव पडल्याचं कळतं तेव्हा ताऱ्यांचे ठिपके फुगलेले असतात आणि गेल्या अर्ध्या तासाचा डेटा वाया गेलेला असतो. हीटर चालू असला की बॅटरी लवकर उतरते, म्हणून १०,००० एमएएचची पॉवर बँक आणि दोन मीटरची टाइप-सी केबल सोबत हवीच. केबल तिपाईच्या पायाला सैल गुंडाळा, दुर्बीण फिरताना ती ताणली की चित्र हलतं.

तारा शोधून देण्याच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. या जोडीची निजगती, म्हणजे बाकी ताऱ्यांच्या तुलनेत आकाशात सरकण्याचा वेग, वर्षाला ३.३७ विकला आहे. २००० सालच्या स्थानापासून ती आतापर्यंत जवळपास दीड कला (कला म्हणजे ६० विकला) पूर्वेकडे सरकली आहे, म्हणजे चित्रात पस्तीसेक पिक्सेल. जुन्या यादीतलं स्थान टाकून फ्रेमच्या नेमक्या मध्यावरचा तारा मोजलात तर भलताच तारा मोजला जाईल, आणि तो अर्थातच कधी भडकणार नाही. दुर्बिणीच्या फोनवरच्या ॲपमध्ये निर्देशांक हाताने टाका: विषुवांश (आकाशातलं पूर्व-पश्चिम स्थान) ०१ तास ३९ मिनिटं ०७ सेकंद, क्रांती उणे १७ अंश ५६ कला ४७ विकला. हे २०२६ च्या आसपासचं स्थान आहे. खात्रीसाठी आधी साडेतीन प्रतीच्या टाऊ सेटीवर जा, तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. आपली जोडी तिथून नैर्ऋत्येला अडीच अंशांच्या आतच आहे.

सेटिंगचा क्रम असा ठेवा. तिपाई आधी नीट समतल करा, ॲपमधला लेव्हलचा ठिपका मध्यावर येईपर्यंत. मग फोकस. सूर्य मावळल्यावर पहिले दोन तास हवा झपाट्याने थंड होते, म्हणून दर तासाला पुन्हा ऑटोफोकस करा. एक्स्पोजर १० सेकंद. २० किंवा ३० सेकंद घेतले तर ठिपका उजळ येतो, पण भडक्याची चढती बाजू बऱ्याचदा एका मिनिटात आटोपते आणि तिचा आकारच हरवतो. प्रकाशप्रदूषणाचा, म्हणजे दुहेरी पट्ट्याचा, फिल्टर बंद. तो हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेषांभोवतीचे अरुंद पट्टे सोडून बाकी सगळं अडवतो, आणि भडक्याचा बहुतेक प्रकाश त्या बाकीच्यातच असतो. शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक फ्रेम वेगळी साठवण्याचा पर्याय सुरू करा. तो बंद राहिला तर सकाळी हाताला एकच देखणं स्टॅक केलेलं चित्र लागतं. दोन मिनिटांचा भडका तीन तासांच्या सरासरीत विरघळून गेलेला असतो आणि तो परत मिळवायचा कोणताही मार्ग नसतो. एक फ्रेम ४ एमबीच्या थोडी वर भरते. तीन तासांच्या जास्तीत जास्त १०८० फ्रेम, म्हणजे साडेचार जीबी. प्रत्यक्षात थोड्या कमी मिळतात, कारण फ्रेम साठवण्यात वेळ जातो आणि काही फ्रेम दुर्बीण स्वतःच नाकारते.

या दुर्बिणीची सगळ्यात मोठी अडचण क्षेत्र फिरण्याची आहे. ती आडवी-उभी फिरते, त्यामुळे आकाश चित्रात गोल फिरत राहतं. नाशिकहून हा तारा मध्यमंडलावर असताना हा वेग तासाला सुमारे २३ अंश भरतो. १० सेकंदांत मध्यावर काहीच फरक पडत नाही, कोपऱ्यातला तारा मात्र एक-सव्वा पिक्सेल घासला जातो. ३० सेकंदांत तोच साडेतीन-पावणेचार पिक्सेल. १० सेकंदांवर राहण्याचं हे दुसरं कारण. शिवाय चित्र आयताकृती, रुंदी ०.७२ अंश. ते फिरत राहिलं की रात्रभर चित्रात टिकणारे तारे मध्यापासून साडेएकवीस कलांच्या वर्तुळातलेच. तुलनेचे तारे त्याच वर्तुळातून निवडा. नाहीतर रात्री अकराला तुमचा आधाराचा तारा चित्राबाहेर निघून जातो आणि पुढचा आलेख लोंबकळत राहतो.

यावर उपाय म्हणून ॲपच्या नंतरच्या आवृत्त्यांत इक्वेटोरियल मोड आला, यात दुर्बिणीचा अक्ष ध्रुवाकडे कलवतात आणि चित्र फिरत नाही. चांगला आहे, पण नाशिकच्या अक्षांशावर त्याची एक किंमत मोजावी लागते. ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून फक्त २० अंश वर, म्हणून दुर्बिणीचा तळ उभ्यापासून ७० अंश कलवावा लागतो. यंत्र जवळपास आडवं होतं आणि सगळं वजन उत्तरेकडे झुकतं. युरोपातल्या व्हिडिओंत सुबक उभा दिसणारा तो सांगाडा इथे तसा दिसत नाही. सोबत येणारी छोटी तिपाई यासाठी अपुरी आहे. जड तिपाई घ्या, तिचा एक पाय नेमका उत्तरेला ठेवा आणि मधल्या दांड्याला वाळूची पिशवी अडकवा. हे जमत नसेल तर साधाच मोड वापरा, या कामाचं काही अडत नाही.

मोजणीसाठी सिरिल हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. आधी प्रत्येक फ्रेममधून हिरवं चॅनेल वेगळं काढा. त्यात चित्र निम्म्या आकाराचं होतं आणि पिक्सेल ४.८ विकलांचा बनतो, म्हणून मोजणीच्या वर्तुळाची त्रिज्या ३ पिक्सेल ठेवा. यापेक्षा मोठी घेतली तर आकाशाचा उजेड आत शिरतो. लहान घेतली तर फोकस बदलला की प्रकाश निसटतो आणि खोटा उतार दिसतो. मग फ्रेम जुळवा, ताऱ्याभोवती आणि दोन-तीन तुलनेच्या ताऱ्यांभोवती वर्तुळं टाका आणि आलेख काढा. तुलनेच्या ताऱ्यांच्या अधिकृत प्रती अमेरिकेतल्या एएव्हीएसओ या चलताऱ्यांच्या संस्थेच्या नकाशांत मिळतात. तिथेच नोंदी पाठवता येतात, रंगीत सेन्सरच्या हिरव्या चॅनेलसाठी त्यांनी ‘टीजी’ असा वेगळा प्रकार ठेवला आहे. वेळ जागतिक प्रमाणवेळेत द्यायची असते. फाइलमधली वेळ भारतीय आहे की जागतिक हे पहिल्याच रात्री मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघा. साडेपाच तासांची चूक झाली तर तुमचा भडका जगातल्या दुसऱ्या कुणाच्याही नोंदीशी जुळणार नाही.

आलेख काढल्यावर खोटे भडके बरेच दिसतात. एकाच फ्रेममध्ये टोक येऊन पुढच्यात गायब झालं तर तो उपग्रहाचा चकाकता पट्टा, विमान किंवा सेन्सरवर आदळलेला वैश्विक किरण. ती फ्रेम उघडून डोळ्यांनी बघा, पट्टा लगेच दिसतो. तुलनेचे तारेही एकत्र वर-खाली झाले असतील तर ढगाचा विरळ पदर आहे. तासन्‌तास हळूहळू चढणारी किंवा उतरणारी रेषा दिसली तर तोही भडका नव्हे. लाल ताऱ्याचा प्रकाश हवेत कमी झिजतो, निळसर तुलनेच्या ताऱ्याचा जास्त, आणि तारा मावळतीकडे उतरेल तसा हा फरक वाढतो. तुलनेचे तारे जमतील तेवढे तांबूस घ्या, हा त्रास बराच कमी होतो. खरा भडका ओळखायची खूण म्हणजे चढण उभी, उतरण लांब, निदान तीन सलग फ्रेममध्ये उपस्थिती, आणि निळ्या चॅनेलमधली झेप हिरव्यापेक्षा मोठी, हिरव्यातली लालपेक्षा मोठी. भडक्याचा वायू ताऱ्याच्या पृष्ठापेक्षा खूप जास्त तापलेला असतो, म्हणून हा रंगांचा क्रम. तीनही चॅनेलमध्ये झेप अगदी सारखी असेल तर संशय घ्या.

याच ठिकाणी या दुर्बिणीचं उणेपण जाणवतं. भडक्याचा सगळ्यात मोठा जोर अतिनील पट्ट्यात असतो, आणि आतला फिल्टर तोच पट्टा अडवतो. निळ्या चॅनेलमध्ये जास्तीत जास्त उजळणं दिसतं, पण ताऱ्याचा एरवीचा निळा प्रकाश इतका थोडा की शांत अवस्थेतला ठिपका गोंगाटात बुडालेला असतो. म्हणून शोध निळ्यात घ्यावा आणि आकडा हिरव्यातला द्यावा.

ज्यांना डोळा लावून तारा बघायचा आहे त्यांच्यासाठी ८ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या लाकडी बैठकीवरची मोठ्या आरशाची दुर्बीण, हाच योग्य मार्ग. अंधाऱ्या आकाशात १२ व्या प्रतीचा हा ठिपका तिच्यातून दिसतो, आणि जोडी फाकलेली असताना स्थिर हवेत दोन तारे वेगळे होण्याचीही शक्यता असते. मोजणी मात्र तिच्याने होत नाही. दोन्हींपैकी एकच घ्यायची असेल आणि मन आकड्यांत रमत असेल तर सीस्टार घ्या. खरेदी भारतातल्या विक्रेत्याकडून, जीएसटीचं बिल आणि लेखी वॉरंटी घेऊनच करा.

हात बसवायला यूव्ही सेटीच्या आधी ग्रूमब्रिज ३४ घ्या. ही ११.६ प्रकाशवर्षांवरची आणखी एक लाल बटूंची जोडी, दोन्ही तारे भडकणारे, जीएक्स आणि जीक्यू अँड्रोमेडी. यांच्यातलं अंतर ३५ विकलांच्या आसपास, म्हणजे चित्रात चौदा-पंधरा पिक्सेल, स्वच्छ वेगळे दिसतात. नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री सव्वानऊला ते उत्तरेच्या बाजूला ६६ अंशांवर असतात. मोठा तारा ८.१ प्रतीचा आहे, १० सेकंदांत त्याचा मधला पिक्सेल कमाल आकड्याला टेकलेला नाही ना हे तपासा. टेकला असेल तर त्याचं मोजमाप सोडून द्या आणि ११ व्या प्रतीच्या धाकट्यावर सराव करा.

यूव्ही सेटीच्या पहिल्या चांगल्या रात्रीची एक फ्रेम वेगळी जपून ठेवा, तारीख टाकून. पुढच्या कार्तिकात त्याच ताऱ्यांवर जुळवून दोन्ही एकामागोमाग दाखवा. बाकीचे सगळे तारे जागच्या जागी राहतात आणि हा एक तांबूस ठिपका पूर्वेकडे जवळपास दीड पिक्सेल सरकलेला असतो. पाच वर्षांत सात पिक्सेल.